लाल दगडातल्या तिरप्या रेघा

बनशंकरी कुलदैवत असलेली मराठी कुटुंबं दर्शनाला गेली की पाचेक किलोमीटरवरची बदामीही उरकून घेतात. चार लेणी, अठरा हातांचा नटराज, अगस्त्य तळ्यासमोर फोटो, आणि माकडांपासून पिशव्या सांभाळत परत खाली. ज्या दगडात हे सगळं कोरलंय, त्याची दखल ‘लाल आहे’ एवढीच.

खरं तर तो लालही नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग एखाद्या मोकळ्या तुकड्यावर धरा (लेण्यातल्या भिंतीला हात लावायचा नाही). दिसतात ते क्वार्ट्‌झचे कण, मूळचे काचेसारखे बिनरंगी. लाली आहे ती त्यांच्यावर चढलेल्या लोहाच्या ऑक्साइडच्या पातळ पुटाची. सोप्या मराठीत, गंजाची.

हे कण म्हणजे वाळू, आणि ती नद्यांनी आणली, 100 ते 54 कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान कधीतरी. अजिंठा-वेरूळचा काळा पाषाण लाव्हाचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. या वाळूपुढे कालचं पोर. त्या काळी जमिनीवर झाड सोडा, गवताची काडी नव्हती. काठ धरून ठेवायला मुळं नसली की नदी एका पात्रात राहत नाही. शेकडो फाट्यांनी पसरते, आज इथून तर उद्या तिथून वाहते.

त्या वाहण्याची खूण बघायची तर कड्याच्या आडव्या थरांच्या आत बघा. तिथे बारीक तिरप्या रेघा दिसतात. पाण्याखाली वाळूचा उंचवटा पुढे सरकतो तेव्हा कण मागच्या सौम्य उतारावरून माथ्यावर चढतात आणि पुढच्या बाजूला घसरून पडतात. ही घसरण साधारण 30 अंशांची. प्रत्येक रेघ म्हणजे अशी एक घसरण, आणि ती ज्या बाजूला उतरते तिकडे पाणी चाललं होतं. रेघ तळाशी हलकेच वळून थराला मिळते. वर मात्र कापल्यासारखी तुटते, कारण नंतरच्या प्रवाहाने माथा खरवडून नेला. त्यामुळे थर उलटा झालाय की सुलटा, हेही कळतं. एकच गफलत होते: खडकाची उभी भेग रेघ समजली जाते. भेग थरामागून थर ओलांडत जाते, रेघ आपल्या थरातच संपते. अशाच भेगा रुंदावून उत्तरेकडच्या किल्ल्यावर जाणाऱ्या अरुंद घळी झाल्या आहेत.

कोरणाऱ्यांना हे थर सोयीचे पडले असणार. आडव्या सांध्यावर छत सपाट सुटतं. पण तोच सांधा पावसाचं पाणी आत घेतो. पाण्याबरोबर क्षार येतात, सुकताना पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात आणि वरचा पापुद्रा उचलतात. मूर्तीचं नाक गेलं की बोट नेहमी आक्रमकाकडे दाखवलं जातं. निदान काही नाकं तरी पाण्यानेच नेली असतील. तरी तिसऱ्या लेण्यातला शक 500चा, म्हणजे 578 सालचा लेख आजही वाचता येतो.

बदामीचा दगड खडकांच्या ज्या कुळातला, त्या ‘कलादगी’ नावाच्या कुळातले खडक सह्याद्री ओलांडून सिंधुदुर्गातही डोकं वर काढतात. कणकवली तालुक्यात कासार्ड्याला जी सिलिका वाळू खणतात, ती त्यांचीच.