लाखो लहान फायलींचा बॅकअप: आधी मोजा, मग साधन निवडा

बॅकअपसाठी डिस्क घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, किती टीबीची? फायली काही हजार असतील तर तेवढा प्रश्न पुरतो. त्या लाखांत गेल्या की मात्र टीबीच्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. दहा लाख फायली, सरासरी १० केबीच्या, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम १० जीबी. १० जीबीची एकच फाइल साधी हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने मिनिटभरात लिहून मोकळी होते. तेच १० जीबी दहा लाख तुकड्यांत असतील तर एकेक फाइल कॉपी करताना अख्खी रात्र जाऊ शकते.

७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या) डिस्कला तबकडीची अर्धी फेरी पुरी करायलाच सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात, वाचणारं-लिहिणारं हेड जागेवर नेण्याचा वेळ वेगळा. एका फायलीमागे हेड एकदाच हललं आणि त्यात १० मिलिसेकंद गेले असं धरा. दहा लाख फायलींचे १०,००० सेकंद झाले, म्हणजे पावणेतीन तास. प्रत्यक्षात ते एकदाच हलत नाही. फायलीची नोंद वाचायची, मजकूर वाचायचा, पलीकडे नवी नोंद करायची, जागा द्यायची, तारीख आणि परवानग्या लिहायच्या. एसएसडीत हेड नसतं, पण ही बाकीची कामं तिथेही फायलीगणिक होतातच. नेटवर्कवर तर अशा प्रत्येक कामासाठी निरोप जाऊन उत्तर यावं लागतं, आणि अँटिव्हायरस चालू असेल तर तो हरेक फाइल उघडून बघतो.

म्हणून साधन निवडण्याआधी मोजणी करा. लिनक्स आणि मॅकवर ‘फाइंड’ या आज्ञेने निघालेली यादी ‘डब्ल्यूसी’ या मोजणाऱ्या आज्ञेकडे देऊन ओळी मोजता येतात, विंडोजवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये आकडा दिसतो. १६ केबीपेक्षा लहान फायली किती, हेही वेगळं काढा. मग गाळणी लावा. ब्राउझरची कॅशे, फोटोंच्या थंबनेल, जावास्क्रिप्ट प्रकल्पांतल्या ‘नोड मॉड्यूल्स’सारखी पुन्हा उतरवून घेता येणारी फोल्डरं यांतच पुष्कळदा निम्मी संख्या अडकलेली असते. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या ‘गिट’चं लपलेलं फोल्डर मात्र कधीही गाळू नका, कामाचा सगळा इतिहास त्यातच असतो.

आता बॅकअपची डिस्क. बाहेरून जोडायच्या बऱ्याच डिस्क एक्सफॅट या फाइल सिस्टममध्ये (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेल्या येतात. ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर (जागा वाटपाचा सगळ्यात लहान तुकडा) आपोआप १२८ केबीचा ठेवतं, आणि फाइल दोन केबीची असली तरी क्लस्टर पूर्ण जातो. वरच्या दहा लाख फायली तिथे उतरवल्या तर १० जीबीच्या मजकुराला १३१ जीबी जागा लागेल. शिवाय एक्सफॅटला जर्नल (होऊ घातलेल्या बदलांची आधी केलेली नोंद) नाही, त्यामुळे लिहिता लिहिता केबल निघाली तर नोंदी बिघडण्याचा धोका जास्त. हार्ड लिंक (एकाच मजकुराला दिलेली दुसरी नावं) आणि लिनक्सच्या परवानग्याही त्यात टिकत नाहीत. लहान फायली जशाच्या तशा ठेवायच्या असतील तर विंडोजवर एनटीएफएस घ्या, लिनक्सवर ईएक्सटी४. एनटीएफएसचा नेहमीचा क्लस्टर ४ केबीचा असतो. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना दर १६ केबीमागे एक आयनोड (एका फायलीची नोंद ठेवण्याची जागा) बनतो आणि ती संख्या नंतर वाढवता येत नाही. फायलींची सरासरी त्याहून लहान असली तर जागा शिल्लक असतानाच ‘डिस्कवर जागा नाही’ असा संदेश येतो. उरलेली जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ आज्ञेला आयनोडचा पर्याय दिला की खरी स्थिती समजते.

आरसिंक (लिनक्स, मॅक) आणि रोबोकॉपी (विंडोज) ही दोन्ही भरवशाची साधनं आहेत, पण ती फायलीला फाइल अशीच कॉपी करतात. एक लाखाच्या आत संख्या असेल आणि तशीच आरशासारखी प्रत हवी असेल तर हीच घ्या, कारण बॅकअपमधली फाइल कुठल्याही संगणकावर थेट उघडते. रोबोकॉपीचा एक सापळा आहे. एखादी फाइल उघडली नाही तर ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. कुलूपबंद अशी एकच फाइल हिशोबाने जवळजवळ वर्षभर अडवू शकते. प्रयत्न २ आणि थांबा ५ सेकंद असं स्वतः लिहून द्या. लहान फायलींसाठी एका वेळी चालणारे धागेही (समांतर चालणारी कॉपी) वाढवता येतात. मूळ आकडा ८, मर्यादा १२८.

आरसिंकचा धोका वेगळा आहे. मूळ डिस्क माउंट झालेली (संगणकाला जोडली गेलेली) नसताना, मूळ जागी नसलेल्या फायली बॅकअपमधूनही पुसणाऱ्या ‘डिलीट’ पर्यायासह ते चाललं, तर त्याला मूळ फोल्डर रिकामं दिसतं आणि बॅकअपही रिकामा होतो. ‘मॅक्स-डिलीट’ने पुसण्याला वेसण घाला आणि पहिल्यांदा ‘ड्राय-रन’ (प्रत्यक्ष काही न बदलणारी चाचणी) करून यादी वाचा. ‘लिंक-डेस्ट’ वापरून (न बदललेल्या फायली हार्ड लिंकने जोडून) रोजची वेगळी प्रत ठेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण दहा लाख फायलींच्या तीस दिवसांच्या प्रती म्हणजे तीन कोटी नोंदी. त्यातली एक जुनी प्रत पुसायलाही हार्ड डिस्कवर तास जातात. या संख्येला ती पद्धत मी सुचवणार नाही.

संख्या काही लाखांच्या वर गेली की रेस्टिक किंवा बोर्ग घ्या, असं माझं ठाम मत आहे. ही साधनं फायलींचे तुकडे करतात, आधी साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाहीत, एनक्रिप्ट करतात आणि अनेक तुकडे एका मोठ्या फायलीत बांधतात. रेस्टिकचा गठ्ठा साधारण १६ एमबीचा असतो. म्हणजे वरचे १० जीबी सुमारे सहाशे फायलींत बसतात, आणि पलीकडे दहा लाख नोंदी करण्याचं काम उरतच नाही. बोर्ग लिनक्स आणि मॅकवर उत्तम चालतं. विंडोज असेल तर रेस्टिक, त्याला व्हीएसएसचा (त्या क्षणाची गोठवलेली प्रत देणाऱ्या विंडोजच्या सोयीचा) पर्याय दिला की उघड्या फायलीही घेता येतात. जुन्या प्रती किती ठेवायच्या ते एकदाच ठरवा. रोजच्या ७, आठवड्याच्या ५, महिन्याच्या १२ ही सुरुवात चांगली आहे.

दुसरा बॅकअपही पहिल्याइतकाच वेळ घेत असेल तर आयनोड तपासा. न बदललेली फाइल ओळखताना ही साधनं आकार आणि वेळेसोबत आयनोडचा आकडाही बघतात. काही नेटवर्क ड्राइव्हवर हा आकडा दर वेळी बदलतो, मग सगळ्याच फायली नव्या वाटून पुन्हा पूर्ण वाचल्या जातात. रेस्टिकला ‘इग्नोर-आयनोड’ सांगा. बोर्गच्या ‘फाइल्स-कॅशे’ पर्यायातून आयनोड वगळा.

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टम वापरत असाल तर आणखी सरस वाट आहे. स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्यायचा आणि मागच्या स्नॅपशॉटपासूनचा फरक ‘सेंड’ने दुसऱ्या डिस्कवर पाठवायचा. कुठले ब्लॉक बदलले हे फाइल सिस्टमला आधीच माहीत असतं, त्यामुळे दहा लाख फायली चाळण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्हीकडे एक समान स्नॅपशॉट टिकला पाहिजे एवढी अट. तो पुसला गेला तर सगळं पहिल्यापासून पाठवावं लागतं. त्याच डिस्कवर पडून असलेला स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. सिंक करणारी क्लाउड सेवाही नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल ती तिकडूनही तत्परतेने पुसते.

क्लाउडच्या स्वस्त, थंड साठ्यात (क्वचित लागणाऱ्या मजकुराच्या) सुट्ट्या लहान फायली टाकू नका. ॲमेझॉनच्या ग्लेशियर फ्लेक्झिबल आणि डीप आर्काइव्ह वर्गांत प्रत्येक फायलीमागे ४० केबी नोंदीची जागा धरली जाते. १० जीबीच्या दहा लाख फायलींवर ४० जीबीचा असा वरचा भार पडतो, आणि प्रत्येक फाइल चढवण्याची आकारणी वेगळी. तिथे पाठवायचा, आता न बदलणारा जुना मजकूर आधी टारमध्ये (अनेक फायलींचा गठ्ठा करणाऱ्या फायलीत) बांधा. एकच अवाढव्य गठ्ठा नको, ५ ते १० जीबीचे अनेक करा. जीझिपने दाबलेल्या फायलीत मध्ये बिघाड झाला तर त्यापुढचा भाग सहसा हाती लागत नाही. गठ्ठ्यातल्या फायलींची यादी आणि शा-२५६ चेकसम (मजकूर बदलला का ते सांगणारी खूण) बाहेर वेगळी ठेवा, नाहीतर एक कागद शोधायला पूर्ण गठ्ठा उतरवावा लागेल.

देवनागरीत नावं देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. ईएक्सटी४वर फायलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. ‘कार्यक्रमपत्रिका’ याच शब्दाचे ४८ बाइट होतात. म्हणजे ८५ चिन्हांपलीकडचं नाव विंडोजवर चालेल, पण लिनक्सच्या डिस्कवर कॉपी होणार नाही. लिनक्सच्या ई-क्रिप्टएफएसने एनक्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं. दुसरी गोष्ट ‘ऱ’ची. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली हे अक्षर ‘र’ आणि नुक्ता असं फोडून साठवते. ‘किनाऱ्यावरचे फोटो’ हे नाव डोळ्यांना दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण बाइट वेगळे, त्यामुळे आरसिंक ते फोल्डर नवं समजून पुन्हा कॉपी करतं. आरसिंकच्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायात मॅकची यूटीएफ-८ सांगितली की हे थांबतं. रेस्टिक आणि बोर्ग नावं स्वतःच्या नोंदीत ठेवतात, म्हणून साठवताना या अडचणी येत नाहीत. परत काढताना लांब नावांची अडचण येऊ शकते.

तपासणीशिवाय यातलं काहीच पुरं नाही. रेस्टिकचं ‘चेक’ मुळात फक्त रचना बघतं, मजकूर वाचत नाही. दर महिन्याला बारावा हिस्सा वाचायला सांगा, पहिल्या महिन्यात १/१२, पुढच्या महिन्यात २/१२, म्हणजे वर्षभरात सगळा साठा एकदा वाचून होतो. त्याखेरीज एक पूर्ण फोल्डर वेगळ्या जागी परत काढून फायलींची संख्या आणि चेकसम मुळाशी ताडून बघा. त्यासाठी ‘रिस्टोअर’ वापरा. ‘माउंट’ (साठा फोल्डरसारखा उघडून बघणं) एखाद-दुसरी फाइल शोधायला सोयीचं, लाखोंना फार संथ. पासवर्ड गेला तर साठा कायमचा गेला, म्हणून तो त्या संगणकाबाहेर कागदावरही असू द्या, आणि बोर्गची एनक्रिप्शनची किल्ली ‘की एक्सपोर्ट’ने काढून त्याच कागदासोबत ठेवा. चाचणीला लागलेला वेळही नोंदवा. त्यावरून पूर्ण साठा परत यायला किती तास लागतील याचा अंदाज येतो, आणि कुठली फोल्डरं आधी काढायची तो क्रम आजच लिहून ठेवता येतो.