ब्रह्मपुरीचा पोसायडन

आज सुट्टी होती. इंटरनेट आर्काइव्हवर 1886 चं कोल्हापूरचं गॅझेटियर (इंग्रज काळातला सरकारी माहितीग्रंथ) उघडलं आणि शोधत शोधत ब्रह्मपुरीवर येऊन पोचलो. पंचगंगेकाठची आपली रोजच्या बघण्यातली टेकडी. गॅझेटियरनंतर बऱ्याच वर्षांनी, 1945-46 मध्ये, डेक्कन कॉलेजच्या संकलिया आणि दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं, सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. याच टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. म्हणजे सुमारे 2000 वर्षांपूर्वी समुद्रापारचा माल घाट चढून आपल्या गावात येत होता! वाचताना अंगावर काटा आला. शाळेच्या सहली पन्हाळ्याला जातात, जाव्यातच, पण पोरांना हा पोसायडनही दाखवायला पाहिजे. गॅझेटियर फुकट आहे, मोबाईलवरही वाचता येतं. मी रविवारी पुतण्यांना घेऊन म्युझियमला निघालोय. येताय काय कोण?