तांब्याभर पाणी

"ताई, एवढं सगळं चालू असताना तुम्ही 'देवाची कृपा' म्हणता तरी कशा?" डायलिसिसच्या हॉलबाहेरच्या बाकावर दर दोन-चार महिन्यांनी मला हे कुणीतरी विचारतं. विचारणारीच्या मांडीवर नवी कोरी फाइल असते आणि डोळ्यांत रात्रभराचं जागरण. मी काही बोलेपर्यंत आतून तिच्या पेशंटच्या नावाने हाक येते आणि ती उठून जाते. म्हणून आज सावकाश लिहिते.

आमचे हे २०१५ पासून डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. माझा रक्तगट जुळला नाही, दिरांना शुगर निघाली, आणि मुलांची किडनी घ्यायला हे तयार नाहीत. अवयवदानाच्या यादीत नाव आहे. फोन येईल तेव्हा येईल. रात्री-अपरात्री रिंग वाजली की आम्ही दोघंही एकदम उठून बसतो.

नव्या माणसाला त्या जाड सुयांची धास्ती वाटते. सुयांची सवय होते. तहानेची होत नाही. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं, आधी पायावर सूज, मग छातीत धाप. डॉक्टरांनी यांना दिवसाला पाऊण लिटर सांगितलंय. रोज सकाळी मी तेवढं पाणी मोजून तांब्यात ठेवते. चहा दिला की कपभर पाणी तांब्यातून काढायचं, आमटी वाढली की वाटीभर. एका आषाढीला देवळातून तीर्थ आणलं, तर हे म्हणाले, "आधी तांब्यातलं चमचाभर काढ, मग दे." मी काढलं. ते चमचाभर पाणी तुळशीला घालताना मला रडू आवरलं नाही.

याच माणसाला मशीनवर बसवलं की चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. मिनिटाला अर्धा लिटर. रक्त एका बाजूने जातं, पाणी दुसऱ्या बाजूने, मध्ये झिरझिरीत पडदा, आणि रक्तातली घाण पाण्यासोबत वाहून जाते. हे मला माहीत नव्हतं. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरनं शिकवलं.

मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. घरात आम्ही भांडी धुतलेलं पाणी संडासला वापरत होतो. एका गुरुवारी दुपारी टेक्निशियन बाहेर येऊन म्हणाला, टाकीत सकाळच्या शिफ्टपुरतंच पाणी होतं, टँकर येईल तेव्हा बसवू. यांचं वजन तीन किलोने वाढलेलं, आडवं झालं की दम लागायचा. मी भिंतीला टेकून हरिपाठ म्हणत होते आणि रस्त्याकडे बघत होते. रात्री अकराला टँकर आला. ड्रायव्हर पोरगेलासा, ओठ फुटलेले. आदल्या दिवसापासून भरण्याच्या रांगेत उभा होता. वाटेत दोन वस्त्यांनी त्याला अडवलं होतं, पण त्यानं दवाखान्याचं पाणी सोडलं नाही. मी बाटली पुढे केली, तर दोन घोट घेऊन त्यानं ती परत दिली. म्हणाला, "काकू, तुम्हाला लागंल."

त्या रात्री मी मोठ्यानं 'देवाची कृपा' म्हणाले. काही दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, ५ लाख लिटर पाणी घेऊन. मंगळवार होता, आमचा वार. तेव्हाही म्हणाले. तेव्हा ते म्हणणं सोपं होतं, कारण पाणी आलं होतं.

अवघड पुढे झालं. शेजारच्या खाटेवर एक बावीस वर्षांचा मुलगा असायचा. चार तास मोबाइलवर स्पर्धा परीक्षेची लेक्चरं बघायचा, यांना गणितं घालायचा. एका शनिवारी ती खाट रिकामी होती. सिस्टरनं नुसती मान हलवली. गाडीत बसल्यावर नणंद म्हणाली, "आपल्यावर देवाची कृपा आहे, वहिनी." ते वाक्य माझ्या अंगावर आलं. आमच्यावर कृपा, मग त्या माऊलीवर काय? त्यानंतर कित्येक दिवस तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. हरिपाठ चालू होता, पण नुसता ओठांनी.

त्या दिवसांत गाथा उघडली की एकाच ओळीवर थांबायचे. दुष्काळाबद्दल तुकोबा सांगतात, "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥" दुसऱ्या एका अभंगात तेच "बरे झाले देवा निघाले दिवाळे" असंही म्हणतात. तसं म्हणायचा अधिकार त्यांचा. मला ते म्हणवत नाही, आणि दुसऱ्याच्या दुःखावर तर मी ते कधीच म्हणणार नाही. पण ही पहिली ओळ मला धरून राहिली. बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी देवाच्या पुढ्यात जसं घडलं तसं ठेवलं. त्यावर पांघरूण घातलं नाही. मग मीही देवाशी तसंच बोलायला लागले. भांडले. ते पोर का नेलंस, म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

तेराव्यानंतर त्या मुलाची आई आली. हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ, आणि बर्फात रक्त वाढायची सहा इंजेक्शनं. त्याच्यासाठी आणून फ्रीजमध्ये ठेवलेली. "फुकट जाऊ नयेत," एवढंच म्हणाली. सिस्टरनं तारखा तपासल्या, डॉक्टरांना विचारलं. त्यातली दोन यांना मिळाली. त्या महिन्यात यांचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं आणि आमच्याकडे इंजेक्शनला पैसे नव्हते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डबा रिकामा करून तिनं तिथल्याच नळावर धुतला, पदराने पुसला आणि गेली.

मी कृपा म्हणते ती त्या डब्याला, बाई. हे का वाचले आणि तो का नाही, याचा हिशेब मला येत नाही, आणि येतो म्हणणाऱ्यापासून मी चार हात लांब राहते. पण ज्या हातांनी लेकराचं सगळं केलं, त्याच हातांत तेरा दिवसांनी तो डबा धरायचं बळ कुठून आलं, हे मला पांडुरंगाशिवाय सांगता येत नाही. बाकावर तुम्ही मला विचारता, तेव्हा मला ती माऊली दिसते. म्हणून माझा आवाज भरून येतो. तुम्हाला वाटतं, मी उत्तर टाळतेय.

पहाटे उठले की आधी यांच्या डाव्या मनगटावर बोट ठेवते. फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेची, घरघर बोटाला लागावी लागते, मांजर अंगाशी झोपल्यासारखी. आजही लागली. मग तांब्या भरायला उठले.