पवनारची भिंत आणि रामटेकचा नरसिंह

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास आठवड्यातून दोनदा असतो. एलिमेंटरीच्या परीक्षेपुरती स्थिरचित्रे काढून झाली, की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, खऱ्या मूर्ती अन् चित्रं कुठं पाहाले भेटतात?" इतकी वर्षे मी अजिंठ्याचे नाव सांगून वेळ मारून नेत होतो. आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून अजिंठ्याला जायचे म्हणजे दोन दिवस आणि बराच पैसा लागतो, त्यामुळे माझ्या वर्गातला एकही विद्यार्थी तिथे पोचलेला नाही. अजिंठ्याची बरीचशी लेणी ज्या वाकाटकांच्या काळात कोरली गेली, त्यांची दुसरी शाखा मात्र आमच्याच वर्धा-नागपूर भागात राज्य करीत होती आणि तिच्या काळची शिल्पे अजूनही इथल्या टेकडीवर, आश्रमात आणि गावात उभी आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत नवव्या वर्गातल्या भाच्याला सोबत घेऊन मी ती ओळीने पाहून आलो. पाठोपाठ जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहितो आहे. ज्यांना चौकटीतली चित्रे आणि उद्घाटनाची फीत असलेले प्रदर्शन पाहायचे आहे, त्यांनी शहराची वाट धरावी. इथे जे मांडलेले आहे, ते दीड हजार वर्षांपासूनचे आहे आणि उतरवले जाणार नाही.

शनिवारी सकाळी वर्ध्याच्या बस स्थानकावर तर्री-पोहे खाऊन आम्ही पवनारला निघालो. नागपूर रस्त्यावर वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी विनोबांचा परंधाम आश्रम आहे. एसटीच्या सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून चढतानाच वाहकाला विचारून घ्यावे. वर्ध्याहून ऑटोही मिळतो. आश्रमात शिरताना पादत्राणे काढावी लागतात आणि बोलणे आपोआप हळू होते, कारण १९५९ साली विनोबांनी स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनींचा दिनक्रम आजही तिथे चालू असतो. हे संग्रहालय नव्हे, राहते घर आहे, एवढे मनात ठेवले तर कोणी अडवत नाही.

विनोबा १९३८ साली प्रकृती सुधारण्यासाठी इथे आले. आसपासची जमीन खणताना एकामागून एक कोरीव दगड निघू लागले, ते त्यांनी जपून ठेवले आणि पुढे आश्रमातच बसवले. त्यांतल्या ज्या शिल्पाला भरत-राम भेटीचे शिल्प म्हणतात, त्याची आश्रमात पूजा होते. बाकीच्या शिल्पपट्टांपुढे मात्र मी भाच्याला अर्धा तास वही घेऊन बसवले. त्याची पहिली तक्रार ठरलेलीच होती : "मामा, हे तर झिजून गेलं, काय काढू?" मी त्याला चेहरा सोडून फक्त खांद्यांची रेघ काढायला सांगितली. पाचव्या मिनिटाला त्याच्या लक्षात आले की, नाक-डोळे पुसट झाले असले तरी एक आकृती दुसऱ्या आकृतीकडे झुकली आहे, हे खांद्यांवरून आणि कमरेच्या वळणावरून स्पष्ट कळते. दगडात उंचवटा फार नाही, दागिनेही मोजकेच. सगळा भार शरीराच्या झुकण्यावर टाकलेला आहे. पुढच्या काळातली, अंगभर नक्षीने मढवलेली मंदिरशिल्पे पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना पहिल्या नजरेत ही शिल्पे साधी वाटतील. सकाळचे तिरपे ऊन असताना गेलात, तर हा उथळ उठाव नीट दिसतो. दुपारी बारानंतर तो सपाट भासतो.

या पट्टांवर कोणते प्रसंग आहेत याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वाकाटकांचे ताम्रपट वाचून त्यांचा इतिहास उभा करणारे वा. वि. मिराशी यांनी यांत रामायणातले प्रसंग ओळखले, आणि दुसऱ्या प्रवरसेनाने वसवलेली राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे मत मांडले. पुढे १९६७ साली नागपूर विद्यापीठाने इथे उत्खनन केले. मात्र रामटेकजवळच्या मनसरचे अवशेष पुढे आल्यावर काही संशोधकांनी प्रवरपुराचा मान मनसरला दिला. आम्हा वर्धेकरांना हे मनाला लागते, हे कबूल करतो. पण दोन्ही जागा दोन दिवसांत पाहिल्या, तर या वादाचे मूळ डोळ्यांनी कळते, आणि माझ्या मते या प्रवासाची खरी गोडी तीच आहे.

पवनारहून परत वर्ध्याला येऊन मगनवाडीतले मगन संग्रहालय पाहिले. मगनलाल गांधी यांच्या नावाने उभारलेल्या या ग्रामोद्योगाच्या संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. दगडी शिल्पांच्या ओळीत याचा संबंध काय, असे कोणी विचारेल. माझ्यापुरते उत्तर असे, की हाताने घडवलेली वस्तू कशी बघायची हे मुलांना चरख्यापुढे लवकर समजते. तिथे चरख्यांचे कितीतरी प्रकार आहेत, आणि माळ कुठून फिरते, चाती कुठे बसते, हे बोटाने दाखवता येते. भाच्याने पेटी चरख्याचे रेखाटन पवनारच्या रेखाटनापेक्षा चांगले केले, हे सांगायला हरकत नाही. सेवाग्राम हाताशी असूनही या वेळी तिथे गेलो नाही, कारण बापूकुटीला घाईत उरकणे मला पटत नाही. ज्यांच्याजवळ तिसरा दिवस आहे त्यांनी तो तिकडे द्यावा.

संध्याकाळच्या गाडीने नागपूर गाठले आणि नातेवाइकांकडे मुक्काम केला. रविवारी पहाटे गणेशपेठ स्थानकावरून रामटेकची एसटी धरली. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, पण मधले थांबे धरून दीड तास हाताशी ठेवावा. रामटेकला उतरल्यावर गडाच्या पायऱ्या चढाव्यात की ऑटोने वरपर्यंत जावे, हा गुडघ्यांचा प्रश्न आहे. मी ऑटो केला. पिशवीत केळी, बिस्किटे दिसतील अशी ठेवू नयेत. गडावरची वानरे माणसाला घाबरत नाहीत, आणि आमची चिवड्याची पुडी वराहाच्या मूर्तीपाशी पोचण्यापूर्वीच त्यांच्यातल्या एकाने नेली.

बहुतेक भाविक रामाचे आणि लक्ष्मणाचे दर्शन घेऊन परततात. ती मंदिरे पाहण्यासारखी आहेतच, पण वाकाटकांच्या काळाची खरी ठेव थोडी बाजूला आहे. एकाच दगडात घडवलेला भलामोठा वराह दरवाजाजवळच भेटतो. नरसिंहाची दोन लहान मंदिरे आहेत, एक रुद्र नरसिंहाचे आणि एक केवल नरसिंहाचे. बाहेरून ती इतकी साधी आहेत की, फुलवाल्याने हात करून दाखवले नसते तर आम्ही पुढे निघून गेलो असतो. "तेथे कोणी जात नाही जी, पण मूर्ती तेच पाहाची हाय," असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरे ठरले.

केवल नरसिंहाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. मग अंधारातून आधी तांबूस वालुकाश्मातला उंचावलेला गुडघा दिसू लागतो, त्यावर सैल टाकलेला हात, आणि नंतर वर आयाळीच्या वळ्या. नरसिंह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मांडीवर आडवा पाडलेला हिरण्यकशिपू आणि फाडलेले पोट येते. इथे हिरण्यकशिपू नाहीच. एक पाय दुमडून, दुसरा गुडघा वर घेऊन, हातात चक्र धरून तो नुसता बसला आहे, जसा शेतावरून आलेला दणकट माणूस ओट्यावर टेकतो. काम उरकलेले आहे की अजून व्हायचे आहे, हे मूर्ती सांगत नाही. ताकद मात्र मान आणि खांदे यांच्या मधल्या जाडीत साठलेली दिसते. आदल्या दिवशी पवनारला जे खांदे भाच्याने रेखाटले होते, त्यांचाच हा भरदार भाऊ आहे, हे त्याच्याच तोंडून निघाले. मला त्या क्षणी सगळ्या खर्चाची भरपाई झाल्यासारखे वाटले.

याच मंदिराच्या भिंतीवर गिलाव्याखाली दडलेला एक शिलालेख उजेडात आला, आणि त्यामुळे या मूर्तींचा संबंध प्रभावतीगुप्ताच्या घराण्याशी जोडता आला. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून आणि मुलगे लहान असताना राज्य चालवणारी राणी. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरीच्या, म्हणजे या रामटेकच्या, स्वामीच्या पायांपाशी दिलेला आहे, म्हणजे ही टेकडी तेव्हाही तीर्थ होती. लेखाची अक्षरे झिजलेली आहेत आणि ती बोटांनी चाचपू नयेत. विजेरी न्यावी, पण पुजाऱ्यांना विचारूनच लावावी. छायाचित्राचा फ्लॅश मारू नये. आम्ही विचारल्यावर पुजारीबुवांनी स्वतःच दिवा वर धरला. इथे जे दिसते ते पूजेतल्या देवाचे आहे, त्यामुळे हळद-कुंकवाखालची रेघ ओळखून घ्यावी लागते, आणि मूर्तीसमोर वही उघडण्याआधी नमस्कार करणे हेही पाहण्याच्या रीतीत बसते.

टेकडीवरचे त्रिविक्रमाचे शिल्प भंगलेले आहे, पण तुटलेल्या अंगातही झेप कळते. त्याच्या जवळपास कालिदास स्मारक आहे. तिथली चित्रे मला बेतास बात वाटली, मात्र तिथून खाली दिसणारा परिसर पाहण्यासाठी दहा मिनिटे थांबावे.

दुपारी ऑटो ठरवून मनसर आणि नगरधन केले. दोन्हीकडे स्वतंत्र एसटीने जाण्याचा प्रयत्न केला, तर अर्धा दिवस थांब्यावर जातो. रामटेकहूनच येण्याजाण्याचे भाडे आणि थांबण्याचा वेळ आधी ठरवून घ्यावा. मनसरची हिडिंबा टेकडी जबलपूर महामार्गाजवळ आहे. तिथे मूर्ती फारशा नाहीत, विटांचे चढत गेलेले थर, ओटे आणि कोपऱ्यामागे कोपरा काढत गेलेली बांधणी आहे. सावली जवळजवळ नाही, पाणी सोबत हवे. इथे १९७२ साली सापडलेली शिवाची अप्रतिम मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती मी केवळ छायाचित्रात पाहिली आहे, आणि उन्हात त्या रिकाम्या विटांवर उभे राहून भाच्याला मोबाइलवर ते छायाचित्र दाखवताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. तरीही विस्तार पाहून प्रवरपूर इथे असावे, हे म्हणणे आता मला पूर्वीइतके परके वाटत नाही.

नगरधन म्हणजे वाकाटकांची जुनी राजधानी नंदिवर्धन, असे मानले जाते. आज दिसणारा किल्ला बराच नंतरचा आहे. गेल्या दशकात तिथे झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. गावात ती पाहायला मिळत नाही, आणि किल्ल्याच्या आत पाहण्यासारखे तासाभराचेच आहे. वेळ कमी असल्यास हा थांबा गाळला तरी चालेल.

सोमवारची गोष्ट माझ्या वेंधळेपणाची आहे. १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात, सोमवारी बंद असते. हे मला माहीत होते, शाळेची सहलही मी एकदा तिथे नेली होती, आणि तरीही दिवसांची आखणी करताना शेवटचा दिवस सोमवार येतो आहे, हे डोक्यात आले नाही. सिव्हिल लाइन्समधल्या बंद फाटकापुढे भाच्याने माझ्याकडे फक्त पाहिले. पुढच्या गुरुवारी पुन्हा दोघांचे भाडे भरून आलो. म्हणून आखणी शुक्रवार, शनिवार, रविवार अशी करावी. शुक्रवारी पवनार-वर्धा, शनिवारी रामटेक-मनसर आणि रविवारी अजब बंगला.

संग्रहालय शेवटी ठेवावे हा माझा आग्रह त्या गुरुवारी आणखी पक्का झाला. शिल्पांच्या दालनात मूर्ती ओळीने उभ्या आहेत, प्रत्येकीखाली नावाची पाटी आहे, उजेड सारखा आहे. आधी इथेच आलो असतो, तर भाच्याने पाट्या वाचल्या असत्या. आता तो पाटीकडे न बघता मूर्तीच्या बाजूला जाऊन खांदे तपासत होता, आणि तिथल्या एका मूर्तीपुढे उभा राहून, "मामा, हिला कुठून आणलं असंन?" असे विचारत होता.

खर्चाचे म्हणाल, तर दोघांचा मिळून सर्वांत मोठा आकडा रामटेकच्या ऑटोचा होता. चार-पाच जण मिळून गेलात तर तोही जाणवणार नाही. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आणि रामनवमीच्या दिवसांत गडावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा शिल्पे पाहण्याचा बेत करू नये. उन्हाळ्यात मनसरच्या विटा तापतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. वहीसोबत मऊ पेन्सिली न्याव्यात, कारण झिजलेला दगड कडक टोकाने नीट उतरत नाही, आणि खोडरबर घरीच ठेवावे.