ग्वाल्हेरच्या थंडीतल्या मालगाड्या: काही टिपणं

डिसेंबर अखेर. सूर्योदय सातच्या सुमारास, सूर्यास्त साडेपाचला. मधल्या साडेदहा तासांतले दोन-तीन धुकं खातं.

प्रवासी गाडी कुठवर आली ते मोबाइलवर दिसतं, मालगाडीचं काही दिसत नाही. म्हणून मालगाडीचा फोटो काढायचा तर इथे आधी जागा ठरते, गाडी नंतर. जागा ठरवते ती रुळांची दिशा. नकाशात ग्वाल्हेरवरून जाणारी ही दिल्ली-झाशी लाइन उत्तर-दक्षिण वाटते, पण मुरैनापासून डबऱ्यापर्यंत ती चांगलीच तिरकी आहे, वायव्येकडून आग्नेयेकडे. त्यामुळे सूर्य रुळांची बाजू बारा वाजता बदलत नाही. या दिवसांत तो पावणेअकरा-अकराच्या सुमारासच पूर्वेच्या अंगाकडून पश्चिमेच्या अंगाला सरकतो. तोवर झाशीकडे जाणाऱ्या गाडीसाठी पूर्वेला उभं राहायचं, नंतर पश्चिमेला. अकराच्या आसपास इंजिनाचं तोंड लख्ख दिसतं, पण वाघिणींची (मालडब्यांची) बाजू मात्र सपाट, निर्जीव येते. नऊ-साडेनऊला धुकं विरलेलं असेल तर दोन्ही साधतं. तो मोका आठवड्यातून एखाद्या दिवशीच मिळतो.

दिल्लीकडे जाणाऱ्या मालगाडीच्या तोंडावर डिसेंबरात ऊन पडतच नाही. एखाद्या वळणाचा अपवाद सोडला तर दिवसभर सूर्य तिच्या पाठीशी किंवा बाजूला. नवे लोक ग्वाल्हेरच्या उत्तरेला रायरू-बानमोरच्या बाजूला दुपारभर थांबतात आणि काळ्या तोंडाचं इंजिन घेऊन परततात. कॅमेऱ्याचा त्यात दोष नाही. या गाडीची दुपारी पश्चिमेकडून बाजू घ्यावी, नाहीतर संध्याकाळी नुसती आकृती.

चारनंतर वेगळीच अडचण. सूर्य क्षितिजापासून सोळा-सतरा अंशांवर आलेला असतो आणि विजेच्या तारांच्या आठ मीटरच्या खांबाची सावली सव्वीस-सत्तावीस मीटर लांब होऊन रुळांवर आडवी पडते. इंजिनाच्या नाकावर नेमका काळा पट्टा. खांबांमधलं अंतर साधारण पन्नास-साठ मीटर, मालगाडीचं विजेवरचं डब्ल्यूएजी-९ इंजिन साडेवीस मीटरचं. म्हणजे दोन सावल्यांच्या मधे इंजिन आरामात बसतं, फक्त शटर तिथेच दाबायचं. गाडी यायच्या आधी सावल्यांमधली खडी हेरून तिच्यावर फोकस लावून ठेवावा आणि लेन्स मॅन्युअलवर करावी. धडाधड वीस फोटो काढण्यापेक्षा हे बरं. बारा हजार अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-१२ जोड इंजिन आलं तर ते जवळपास दुप्पट लांब, तेव्हा फक्त पुढच्या भागाचा विचार करायचा.

शटरचा वेग किती? ताशी ७५ किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ एकवीस मीटर सरकते. १/१००० सेकंदाला दोन सेंटिमीटर, १/२५० ला आठ. समोरून तिरका कोन असेल तर १/८०० पुरतं, अगदी बाजूने घ्यायचं तर १/१२५० च्या खाली नको. पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, करायचं असेल तर १/६०.

धुक्यात लांबची लेन्स घरी ठेवावी. दोनशे मीटरवरची गाडी तिच्यातून फक्त करडा डाग दिसते. पस्तीस किंवा पन्नास मिमी लावून रस्त्याच्या पुलावर किंवा फाटकाबाहेर थांबावं. ऑटोफोकस धुक्यात पुढेमागे धावत राहतो, तो बंद. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर धुक्याला उजळ समजून फोटो काळवंडवतो, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून घ्यावं.

रात्रीसाठी सगळ्यात चांगली ती लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबवलेली मालगाडी. मागून एक्स्प्रेस येत असली की हिला बाजूला घेतात, आणि धुक्यात उशिरा धावणाऱ्या गाड्यांचा घोळका निघून जाईपर्यंत ती हलत नाही. एफ/८, आयएसओ ४००, दहा ते पंधरा सेकंद. ट्रायपॉडवर असताना हात हलल्याचा परिणाम कमी करणारं स्थिरीकरण बंद, नाहीतर तेच चित्र हलवतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. पिवळे आणि पांढरे दिवे एकत्र असतात, ३८०० केल्विनला पक्का ठेवून बाकीचं नंतर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, कच्च्या फाइलमध्ये) बघावं. चालत्या गाडीला हेडलाइट सगळी फ्रेम खाऊन टाकतो, म्हणून इंजिन चौकटीबाहेर गेल्यावरच शटर उघडायचं. सातशे मीटरची रेक (डब्यांची अख्खी रांग) ताशी ५० किलोमीटरने जायला पन्नास सेकंद घेते, तेव्हा शेवटच्या डब्याचा लाल दिवा हवा असेल तर तीस सेकंदांचं एक्स्पोजर मागच्या अर्ध्या भागासाठी राखून ठेवावं. फ्लॅश कधीच नाही. लोको पायलटच्या डोळ्यांवर तो कसा बसतो हे सांगायला नको.

रुळांत उतरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड होतो, आणि धुक्यात गाडी ऐकू येते तेव्हा ती अंगावर आलेली असते. स्टेशनात ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी. पुलावरून मोनोपॉड (कॅमेऱ्याची एकपायी काठी) तारांच्या दिशेने लांबवणं तर निव्वळ मूर्खपणा. खाली २५ हजार व्होल्ट आहेत, दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नये. महाराजपूरचा हवाई तळ जवळ आहे, कॅमेरा तिकडे वळवू नये. सैन्याच्या गाड्याही सोडून द्याव्यात.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादाची एक स्वेटरच्या आत, अंगाशी ठेवावी. रात्री लेन्सच्या काचेवर दव धरतं. पुसलं की ओरखड्यांसारख्या रेघा उमटतात, त्यापेक्षा पॉवर बँकवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती गुंडाळावी. घरातल्या उबेत कॅमेऱ्यावर दव धरू नये म्हणून घरी परतताना बाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं आणि तास-दोन तास उघडू नये, विशेषतः घरात हीटर चालू असेल तर. कार्ड मात्र पिशवी बांधायच्या आधीच काढून घ्यावं.