दुबईत मुक्काम कुठे करावा

दुबईला निघालेले नातेवाईक मला हॉटेल कोणते घ्यावे हे विचारतात, तेव्हा मी आधी त्यांना प्रवासाचा महिना आणि बरोबर येणाऱ्यांची वये विचारते. या शहरात हॉटेलपेक्षा वस्तीची निवड अधिक महत्त्वाची आहे, आणि हे मला पहिल्याच प्रवासात आईला झालेल्या त्रासातून समजले.

तो ऑगस्ट महिना होता. दर उतरलेले होते आणि खोली नव्या भागातील उंच इमारतीत, मेट्रो स्टेशनपासून अवघ्या 700 मीटरवर होती. पुण्यात एवढे अंतर आई रोज भाजीसाठी सहज चालते. तिथे मात्र दुपारी चार वाजता स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर रुंद रस्ता, त्यापुढे वाहनतळाची उघडी वाळू आणि एकही झाड नाही, अशी स्थिती होती. शिवाय रस्ता ओलांडण्याची जागा इतकी लांब होती की 700 मीटरचे अंतर प्रत्यक्षात दुपटीच्या जवळ गेले. वाटेतल्या एका इमारतीच्या सुरक्षारक्षकाने आईला खुर्ची आणि पाणी दिले, त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही. त्यानंतरचे चार दिवस आई सूर्यास्तापूर्वी खोलीबाहेर पडली नाही, आणि सूर्यास्तानंतरही समुद्राच्या दमट हवेमुळे तिला फार चालवत नव्हते. वाळवंट म्हटले की रात्री गारवा असेल अशी आपली समजूत असते. किनाऱ्यावरच्या या शहरात ऑगस्टच्या रात्रीही पारा 30 अंशांच्या आसपास राहतो.

दुबईची ठेवण लक्षात घेतली तर निवड पुष्कळ सोपी होते. जुने शहर खाडीच्या दोन्ही काठांवर आहे, एका बाजूला देरा आणि दुसऱ्या बाजूला बर दुबई. तिथून नवे शहर समुद्राला समांतर, शेख झायेद रस्त्याच्या कडेने नैर्ऋत्येकडे लांबत गेले आहे, इतके की देरापासून मरिना हा नव्या शहरातील समुद्राकाठचा भाग सुमारे 30 किलोमीटरवर पडतो. 2009 साली सुरू झालेली मेट्रोची रेड लाइन याच दिशेने धावते, तर 2011 ची ग्रीन लाइन खाडीभोवतीच्या जुन्या वस्त्यांतून वळसा घेते. या दोन्ही मार्गिका युनियन आणि बुर्जुमान या दोनच स्टेशनांवर एकमेकींना मिळतात, त्यामुळे बुर्जुमानच्या आसपास राहणाऱ्याला बहुतेक शहर एकाच गाडीत किंवा एका बदलात गाठता येते.

दुसऱ्या खेपेस आम्ही जानेवारीत गेलो आणि बर दुबईत, मीना बाजारच्या अलीकडे उतरलो. तेव्हा त्याच आईने रोज सकाळ-संध्याकाळ पायी भटकंती केली. जवळच्या अल फहिदी या जुन्या वस्तीत अरुंद गल्ल्या आहेत, त्यांना तिथे सिक्का म्हणतात. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे दिवसाचा बराच काळ त्यांत सावली असते, आणि घरांवरचे बरजील, म्हणजे वारा पकडून खाली खोलीत सोडणारे मनोरे, विजेच्या आधीच्या काळात माणसे इथे उन्हाळा कसा काढत असतील हे प्रत्यक्ष दाखवतात. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही वस्ती वसवली. पायी चालणाऱ्या माणसासाठी बांधलेले शहर आणि मोटारीसाठी बांधलेले शहर यांतला फरक मला त्या गल्ल्यांमध्ये जाणवला, आणि ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्याने पहिल्या प्रकारच्या शहरात राहावे, हे माझे ठाम मत तिथेच बनले. वस्तीपासून थोड्या अंतरावर अब्रा मिळते; एक दिरहम देऊन त्या लाकडी होडीतून पलीकडे देराला, मसाल्यांच्या आणि सोन्याच्या बाजाराशी जाता येते. आईने पाच दिवसांत सात वेळा अब्रेने खाडी ओलांडली.

खाण्याच्या दृष्टीनेही मीना बाजार आणि शेजारचा करामा हे भाग आपल्या लोकांना सोयीचे आहेत. शाकाहारी थाळी, इडली आणि चहा चालत जाऊन मिळतो, आणि भारतीय कुटुंबांची वस्ती दाट असल्यामुळे हिंदीत सहज निभावते. खरेदीसाठी देरा मलाही आवडतो, पण बाजारालगतच्या रस्त्यांवर मालाची चढउतार आणि गर्दी सतत असते, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर मी बर दुबईचीच बाजू घेईन. मरिना समुद्रकिनाऱ्यासाठी येणाऱ्या तरुणांना योग्य आहे. बुर्ज खलिफाजवळ राहण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र त्या नावाच्या स्टेशनापासून शेजारच्या दुबई मॉलपर्यंतचा वातानुकूलित पूलच सुमारे 800 मीटरचा आहे, हे गुडघेदुखी असलेल्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

जुन्या भागाची एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. तिथल्या काही हॉटेलांत तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर संगीताचे बार असतात, आणि आमच्या पहिल्या रात्री त्यांचा ठोका पहाटे तीनपर्यंत भिंतीतून ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची, मागील बाजूची खोली मागून घेतली आणि त्रास संपला. आता मी आरक्षणापूर्वी इमारतीत बार आहे का हे स्पष्टपणे विचारते. खोलीच्या जाहीर दराखेरीज पर्यटन शुल्क म्हणून हॉटेलच्या दर्जानुसार प्रत्येक रात्री प्रत्येक खोलीमागे 7 ते 20 दिरहम द्यावे लागतात आणि ते बहुधा तिथे पोहोचल्यावर घेतले जातात, त्यामुळे स्वस्त वाटणाऱ्या दोन खोल्यांची तुलना ही रक्कम धरून करावी.

विमान कोणत्या टर्मिनलला उतरते, तेही पाहावे. टर्मिनल 1 आणि 3 ला मेट्रो स्टेशन आहे, टर्मिनल 2 ला नाही. आणि मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यांसाठी मेट्रो पहाटेपर्यंत बंद असल्याने टॅक्सीच घ्यावी लागते. अशा वेळी विमानतळापासून जवळच असलेली जुनी वस्ती खर्चाच्या दृष्टीनेही परवडते.

वस्ती ठरल्यावर हॉटेल ते स्टेशन हा टप्पा मी नकाशावर केवळ मीटरमध्ये मोजत नाही, तर रस्त्याची छायाचित्रे उघडून तो शेवटपर्यंत पाहते: पदपथ सलग आहे का, रस्ता कुठे ओलांडता येतो, मध्ये एखादे दुकान आहे का. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येत असल्यामुळे दक्षिणोत्तर रस्त्याच्या पश्चिमेकडील पदपथावर इमारतींची सावली पडते, आणि जवळजवळ उभ्या इमारतींच्या जुन्या वस्तीत ती सलग मिळते.

येत्या फेब्रुवारीत मावशी आणि काका जाणार आहेत. मावशीचा गुडघा दुखरा आहे आणि काकांना संध्याकाळी पाण्याकाठी बसायला आवडते. त्यांच्यासाठी मी अल घुबैबा स्टेशनाजवळची, खाडीपासून पाच मिनिटांवरची एक खोली पाहून ठेवली आहे. पदपथ सलग आहे आणि वाटेत दोन चहावाले आहेत. इमारतीत बार नाही, याची खात्री फोनवर करून घ्यायची तेवढी राहिली आहे.