देणं बेसिकवर, वसुली ग्रॉसवर

नोटीस न देता कोणी गेलं की सगळ्यात आधी चिडतो त्याचा मॅनेजर. तो राग आकड्यांत बसवायचं काम मात्र आम्हा पेरोलवाल्यांकडे येतं. 2023 मधली अशी एक केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

मुलगा सहा वर्षं आमच्याकडे होता, कामाला चोख. नव्या ठिकाणी महिन्याभरात रुजू व्हायचं होतं आणि आमची नोटीस 90 दिवसांची. नोटिशीचे पैसे भरतो (आमच्या भाषेत ‘बायआउट’), मला सोडा, म्हणाला. मॅनेजर नाही म्हणाला, कारण नियुक्तिपत्रात ही सवलत ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ होती. 17 तारखेला संध्याकाळी त्याने लॅपटॉप आणि ओळखपत्र ॲडमिनकडे दिलं, पोच घेतली, राजीनाम्याची मेल टाकली आणि गेला. तरी सिस्टीममध्ये शेरा पडला ‘ॲबस्काँडिंग’. पोच घेऊन कोणी फरार होतं का?

फुल अँड फायनलची, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाची, शीट माझ्याकडे आली. आकडे थोडे बदलून सांगतो. ग्रॉस, म्हणजे एकूण पगार, 78,000; त्यातला बेसिक, म्हणजे मूळ पगार, 31,200. सतरा दिवसांचा पगार 44,200, शिल्लक 24 रजांचे बेसिकवर 24,960. द्यायचे एकूण 69,160. नोटीस न दिल्याची वसुली तीन महिन्यांच्या ग्रॉसवर, 2,34,000. शीट 1,64,840 ने उणे.

‘ग्रॅच्युइटीतून वळते करून घ्या,’ मॅनेजर म्हणाला. बेसिक भागिले 26, गुणिले 15, गुणिले सहा वर्षं, म्हणजे 1,08,000 होत होते. हे कितीतरी वरिष्ठांना माहीतच नसतं, की ग्रॅच्युइटी ही कंपनीने खूश होऊन दिलेली बक्षिशी नाही. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्यात ती कधी रोखता येते ते लिहिलेलं होतं: कंपनीचं नुकसान, दंगा-मारामारी, नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि तेही त्या कारणावरून कामावरून काढलं असेल तर. नोटीस न भरणं त्यात कुठेच नव्हतं. मी तसं मेलवर लिहून दिलं. मग ‘पीएफ अडकवा’. तो पैसा कंपनीकडे नसतोच, आणि शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी नोकरी सोडल्याची तारीख सदस्य स्वतः पोर्टलवर टाकू शकतो. कोणीतरी वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावायलाही सुचवलं. ती भानगड ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने मिटलेली होती. रागाच्या भरात माणसं कायदा शोधत नाहीत, हत्यार शोधतात.

पण मला खटकत होतं ते वेगळंच. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्याच टीममधल्या चौघांना एका दुपारी घरी पाठवलं होतं. नोटिशीऐवजी तीन महिन्यांचा पगार दिला, पण बेसिकवर. ती शीटही मीच केली होती. दोन्ही कलमं एकाच नियुक्तिपत्रात, एकाच पानावर: कंपनीने काढलं तर ‘मूळ वेतन’, तुम्ही गेलात तर ‘एकूण वेतन’. त्याची वसुलीही बेसिकवर धरली असती तर 93,600 झाली असती आणि शीट फक्त 24,440 ने उणे राहिली असती.

ग्रॅच्युइटी शेवटी वेगळी दिली गेली, कारण त्याने रीतसर फॉर्म आय, म्हणजे ग्रॅच्युइटीचा अर्ज, भरून पाठवला आणि तीस दिवसांची मुदत सुरू झाली. सोबत 1,64,840 चं मागणीपत्र गेलं. उत्तर आलं, एका ओळीचं: ‘मार्चमध्ये गेलेल्यांना कोणत्या दराने दिलंत?’

त्याला उत्तर द्यायचं नाही असं वरून ठरलं. कोर्टात जायचंही नाही, कारण कोर्ट कोणाला जबरदस्तीने कामावर बसवत नाही, आणि करारात आकडा लिहिला म्हणून तेवढा मिळतोच असंही नाही. 1872 च्या करार कायद्यात भरपाई ‘वाजवी’ लागते. आपलं कलम न्यायाधीशासमोर वाचलं जावं, ही हौस कोणालाच नव्हती. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, तेवढं अडवलं. त्याच्या नव्या कंपनीकडून पडताळणीची मेल आली तेव्हा ‘नोटीस पूर्ण केली का?’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं, ते खरंच होतं. ‘बायआउट मागितला होता का?’ असा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो.

ती रक्कम अजून ‘येणे’ म्हणून पुस्तकात आहे. वर्षअखेरीला ऑडिटर विचारतो, वसूल होणार का? मी मॅनेजरकडे पाठवतो. मॅनेजर ‘पाठपुरावा चालू आहे’ असं लिहून परत पाठवतो.